सहाव्या उंदराची दुपार

आमच्याकडे मे महिन्यात पाहुणा आला की पाण्याच्या आधी कुलरचं तोंड त्याच्याकडे वळवतात. घरातली माणसं घामाने निथळली तरी चालेल, पाहुण्याला वारा लागला पाहिजे. आजाऱ्याला तर हमखास. दवनीवाडा या माझ्या गावात मी हेच बघत वाढले आणि एका दुपारी हीच माया सहा पांढऱ्या उंदरांवर करून बसले.

तेव्हा मी गोंदियात एम.फार्मच्या शेवटच्या वर्षाला होते. जखम भरून आणणाऱ्या एका मलमावर माझं काम चाललं होतं. उंदराला भूल द्यायची, पाठीवर छोटा छेद घेऊन टाके घालायचे आणि तो शुद्धीवर आला की दुखणं कमी करणारं इंजेक्शन द्यायचं. परवानगीच्या अर्जात मी स्वतः तसं लिहून दिलं होतं. पालीला बघून पलंगावर चढणारी मी, पण भूल द्यायला चांगली शिकले. मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबायचं. पाय ओढला नाही, की भूल पक्की. या भुलीत उंदराचे डोळे उघडेच राहतात, ते सुकू नयेत म्हणून त्यांत औषध घालायचं. सगळं शिस्तीत केलं. सहाव्याचे टाके संपले तेव्हा दुपारचा एक वाजला होता, व्होल्टेज पडल्याने एसी बंद होता आणि माझा एप्रन पाठीला चिकटला होता. मला वाटलं, बिचारे उकडून मरतील. मी कोपऱ्यातला कुलर ओढला, त्याचं तोंड पिंजऱ्यांकडे केलं आणि हात धुवायला गेले.

भुलीत शरीराला स्वतःची ऊब राखता येत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण मे महिन्याच्या गोंदियात कुणी गारठून मरू शकेल, हे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

मी परत आले तर प्राणीघर सांभाळणारे मामा पिंजऱ्यांपाशी वाकलेले. वीस वर्षं त्यांनी उंदीरच सांभाळले होते.

"मॅडम, कुलर काऊन लावला यायच्यावर?" त्यांनी आधी बटन बंद केलं, मग हात आत घातला. "हा त एकदम थंडा पडला."

सहावा कुलरच्या सर्वांत जवळ होता. त्याचे गुलाबी कान पांढुरके झाले होते. छाती एकदा हलली, आणि पुन्हा हलेपर्यंत मी चारपर्यंत आकडे मोजले. मी एप्रनच्या बाहीने डोळे पुसले.

"रडता कायले? नळाचं पानी आना, गरमच हाय."

गच्चीवरच्या टाकीचं पाणी खरोखरच हाताला सोसवत नव्हतं. त्यात थोडं माठातलं मिसळून मी रबरी हातमोजे भरले, गाठी मारल्या, मनगटावर लावून बघितले, फडक्यात गुंडाळले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले. बाकीचे पाच अर्ध्या तासात डुलत डुलत उठले. हा उठेना. मी त्याला या कुशीवरून त्या कुशीवर करत होते, मोजे बदलत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. शेवटी चिमटा घेऊन पायाचं बोट दाबलं. सकाळभर पाय हलू नये म्हणून जीव टांगणीला होता, आता हलावा म्हणून. दुसऱ्या खेपेला त्याने पाय ओढला. मी मोठ्याने हसले आणि मग रडलेच.

पाचही जणांना दुखण्याचं इंजेक्शन देऊन झालं होतं. याच्याबद्दल माझ्या गाइड सरांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, अंग गरम होऊ दे, तो चालायला लागू दे, मग दे; थंड अंगात ते औषध किडनीला झेपत नाही. तीन वाजता त्याचं अंग गरम होतं आणि तो चार पावलं चाललासुद्धा. सुई भरलेली होती. पण माझा हात होईना. एकदा मारता मारता वाचवलाय, आता आणखी काही नको. थोडं थांबू, असं म्हणत मी समोर स्टूल घेऊन बसले. तो कोपऱ्यात जाऊन गप्प बसला. किती गुणी आहे, असं वाटून मी त्याचा फोटो काढला आणि घरी आईला पाठवला.

पाच वाजता मामा पाणी बदलायला आले.

"याले सुई देल्ली का?"

"नाही मामा. शांत आहे ना तो."

त्यांनी पिंजरा माझ्यापुढे सरकवला. "शांत नाई, मॅडम. दुखून राहिलं त्याले."

पाठ कमानीसारखी, केस उभे, डोळे अर्धवट मिटलेले, कडेला लालसर ओल. ओल्या खाण्याला तोंडसुद्धा लावलेलं नाही. ही सगळी लक्षणं मला पाठ होती.

"माही घरवाली आपरेशननंतर अशीच पडून राहे," मामा म्हणाले. "सारे म्हनत, बाई शांत हाय. मीबी म्हनलो."

मी इंजेक्शन दिलं. तासाभराने त्याची पाठ सैल पडली, तो हळूहळू वाटीपाशी आला आणि खाऊ लागला. मामा घरी निघून गेले होते. तीनपासून पाचपर्यंत मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, आणि ते दोन तास मी फार खूश होते.