डॅरेलरावांचा चेंडू आणि आमटीची वाटी

मीरा, ये, अशी जवळ सरक, आणि आधी कान दे इकडे, म्हणजे धरता येईल. तुझे डॅड जाऊन दीड महिना होत आला. तू आलीस, सगळं धीरानं निभावलंस आणि परत टेक्सासला गेलीस, त्यानंतर फोन केला की एकच, "मावशी, वर्क इज क्रेझी." असेल बाई. पण तुझ्या त्या टेक्सासातल्या अर्विंगहून शिकागोला येणारी विमानं काय बंद पडली आहेत का? म्हणून आता इथे पेपरच्या पुरवणीतच लिहायला बसले. चार लोकांच्या देखत रागावलं की तू ऐकतेस, लहानपणापासूनचं आहे तुझं ते. आणि वाचणाऱ्यांनाही कळू दे, माझ्या धाकट्या बहिणीचा, नलूचा नवरा काय माणूस होता.

त्या सकाळी मी पोह्यांना कांदा चिरत होते. नलूचा फोन आला. "ताई, डॅरेल उठलाच नाही गं…" एवढंच. इथे शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये तिचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. मी तशीच घरातल्या सपातांवर बर्फातून निघाले, मागून आमचे हे माझा कोट हातात घेऊन. डॅरेलराव कुशीवर निजलेले होते, एवढं थोरलं धूड, एक हात उशीखाली. कपाळावर एक आठी नाही. बासष्ट हे काही जायचं वय नव्हे, पण गेले ते असे गेले, की मला देवाशी भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही.

डॅरेलराव बेसबॉल खेळायचे. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. नलू तेव्हा एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, आणि हे तिथल्या छोट्या टीमचे खेळाडू, खांदा धरून तिच्याकडे आले. खांदा बरा झाला तरी येतच राहिले. तिनं घरी सांगितलं तेव्हा आमच्या बाबांनी नाशिकहून फोनवर विचारलं, "खेळतो ते ठीक आहे, पण करतो काय?" नलू म्हणाली, "बाबा, तो चेंडू फार लांब मारतो." बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "आणि पाऊस असला की?" लग्नाला मात्र आले हो, आणि जावयाच्या दंडाला हात लावून बघून खूश होऊन गेले.

आपल्याकडच्या लोकांना सांगायचं तर डॅरेलराव निव्वळ षटकारवाले. इकडून तिकडे एकेक धाव पळण्यात त्यांना रस नव्हता. मारला तर थेट प्रेक्षकांत, नाहीतर हुकला. आणि त्या खेळात तीनदा हुकलं की बाद. मी पहिल्यांदा बघायला गेले तर हे आपले प्रत्येक वेळी जोरात बॅट फिरवणार, स्वतःभोवती गिरकी घेणार आणि मान खाली घालून परत जाणार. मला इतकं वाईट वाटलं, की घरी आल्यावर आधी साजूक तुपातला शिरा केला. तर माझ्याकडे बघून हसतात! "ताई, हुकणं हाच माझा जॉब आहे. मधेच एखादा लागतो, लोक त्यासाठी येतात." ताई मात्र स्वच्छ म्हणायचे. नलू म्हणते म्हणून तेही म्हणायला लागले, आणि मीही त्यांना डॅरेलराव म्हणायला लागले. त्यांच्या टीममधल्या पोरांना वाटायचं, राव हे त्यांचं आडनावच आहे.

वर्षानुवर्षं छोट्याच टीममध्ये होते. बसनं गावोगाव हिंडायचं, मोटेलात राहायचं. एकदा नलूनं मेतकूट-भात खाऊ घातला आणि त्या दिवशी यांनी दोन षटकार ठोकले. झालं! खेळाडू महा वहमी. मग जाईल तिथे मेतकुटाचा डबा. त्यांच्या ट्रेनरनं एकदा तो उघडून हुंगला आणि घाबरून विचारलं, "मॅन, ही कसली पावडर?" डॅरेलराव गंभीरपणे म्हणाले, "फॅमिली सिक्रेट." मग त्या ट्रेनरला चमचाभर चाखवावं लागलं तेव्हा कुठे डबा परत मिळाला.

आणि मग एका उन्हाळ्यात मोठ्या लीगमधून बोलावणं आलं. टीम दुसऱ्या गावची, पण मॅच इथे शिकागोत. डॅरेलरावांनी पुढची चांगली तिकिटं काढून ठेवली होती. आमचे हे म्हणाले, छे, आपण पार बाउंड्रीवर बसू, षटकार तिकडेच येतात. मीरा, तू नलूच्या मांडीवर होतीस, आइस्क्रीमनं बरबटलेली. पहिल्या दोन खेपांना डॅरेलराव हुकले. तिसऱ्या खेपेला असा काही आवाज आला, लाकूड फुटावं तसा, आणि चेंडू वर, वर, मग मोठा होत होत आमच्याच दिशेला… समोरच्या बाकावर आपटला आणि ह्यांच्या पॉपकॉर्नच्या डब्यात! डॅरेलरावांचा मोठ्या लीगमधला पहिला षटकार, आणि तो घरच्याच माणसाच्या मांडीत.

आता हे म्हणजे नाशिकला जन्मभर क्लबचं क्रिकेट खेळलेले. आजूबाजूचे सगळे ओरडायला लागले, "थ्रो इट बॅक! थ्रो इट बॅक!" ह्यांना वाटलं, बरोबरच आहे, बॉलर बिचारा खोळंबलाय. उभे राहिले आणि खांद्यातून असा सणसणीत थ्रो केला, की मलासुद्धा अभिमान वाटला. सगळं मैदान गर्जलं. एकानं ह्यांना मिठी मारली, एकानं हॉटडॉग आणून दिला. आणि नलू? नलूनं तोंड तुझ्या झबल्यात लपवलं होतं. "भावोजी, काय केलंत! इथे चेंडू ठेवून घ्यायचा असतो. पाहुण्या टीमचा परत फेकला म्हणजे, तुझा षटकार आम्हाला नको, असा अर्थ होतो!"

ह्यांचा चेहरा असा उतरला… हॉटडॉग तसाच हातात. मॅच संपल्यावर खेळाडू बाहेर येतात त्या दाराशी आम्ही उभे राहिलो, तर हे एका खांबामागे. डॅरेलराव आले, केस ओले, आणि हातात तोच चेंडू. मैदानातल्या खेळाडूनं तो उचलून त्यांच्या टीमकडे टाकला होता. हे खांबामागूनच म्हणाले, "सॉरी हं. क्रिकेटमध्ये चेंडू परत द्यावा लागतो. नाहीतर खेळ पुढे कसा जाणार?"

डॅरेलराव इतके हसले, की त्यांना फुटपाथवर बसावं लागलं. "असा चेंडू परत द्यायला लोक खेळाडूची बॅट मागतात, शर्ट मागतात. माझ्या फॅमिलीनं फुकट दिला!" मग जरा थांबून म्हणाले, "पण रूल चांगला आहे." आणि चेंडू ह्यांच्याकडे उडवला. "हा घेऊन जा. पण परत द्यायचा. घरी येऊन."

तिथून ती रीत पडली. चेंडूची जागा नलूच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत. घरंगळू नये म्हणून आमटीच्या वाटीत बसवलेला. कुणीही जायला निघालं की डॅरेलराव दारात उभे राहून तो त्याच्याकडे टाकायचे, आणि ज्याच्याकडे चेंडू त्यानं तो आणून द्यायला यायचंच. बाबांनी नाशिकला नेला आणि पुढच्या वर्षी केवळ तो परत द्यायचा म्हणून व्हिसाच्या रांगेत उभे राहिले.

पुढे डॅरेलराव बरीच वर्षं खेळले. आज ह्या टीमकडे, उद्या त्या. सकाळी फोन, संध्याकाळी अंगात दुसरा शर्ट. नलू तुला घेऊन इथेच राहिली, आमच्या सोबतीनं. शेवटच्या मॅचमध्ये शेवटचा फटका मारायला गेले आणि हुकले, गिरकी घेऊन एका गुडघ्यावर बसले. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे थालीपीठ खाताना म्हणाले, "मस्त स्विंग होता, ताई. फक्त बॉल तिथे नव्हता." पुढे जाळ्या लावलेल्या मोठ्या शेडमध्ये मुलांना शिकवायचे, तेव्हाही हेच सांगायचे, हुकायचं तर पूर्ण ताकदीनं हुका. तुझी पहिली नोकरी गेली आणि तू रडत घरी आलीस, आठवतं? मी शंभर प्रश्न विचारले. त्यांनी एकच. "स्विंग कसा होता?" तू म्हणालीस, "गुड, डॅड." "मग झालं," म्हणाले, आणि चेंडू तुझ्याकडे टाकला.

ह्या डिसेंबरातही तुझ्याकडेच टाकला. टॅक्सी दारात, तुझ्या एका हातात कॉफी. तू दुसऱ्या हातानं झेललास आणि ते लहान मुलासारखे ओरडले. तो त्यांचा शेवटचा चेंडू. तू अंत्यविधीला आलीस तेव्हा तो तिकडेच राहिला होता. मी समजले, घाईत राहिला. पण गेल्या आठवड्यात फोनवर तू खरं काय ते बोललीस. "मावशी, इफ आय ब्रिंग इट बॅक, देन इट्स ओव्हर."

आता सांगते. संपावं म्हणून नसतो गं चेंडू परत द्यायचा. तुझे काका त्या खांबामागून काय म्हणाले होते, आणि तुझ्या डॅडना ते का आवडलं होतं, आठव बघू. तू तिकडे कपाटात ठेवलास तर तिथेच थांबेल सगळं.

नलू बरी आहे. जेवते, फिरायला येते, परवा तर मला कॅरममध्ये हरवून चिडवत होती. फक्त ती खिडकीतली वाटी रोज पुसून तिथेच ठेवते. चौथं पान असलं की वाटी कमी पडते, आणि मग ती स्वतः कपात आमटी घेते, पण त्या वाटीला कुणाला हात लावू देत नाही. तेव्हा ये. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या, पण ये. बेल वाजवू नकोस, दारातूनच टाक. तुझे काका झेलायला उभे राहतील. गुडघे दुखतात त्यांचे, सुटला तर सुटला, आपण सगळे मिळून सोफ्याखाली शोधू.