सवडीने पाहण्याचा सेन्सर

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा साजगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात मला तीन वर्षं झाली होती. परसेंटाइल चांगला होता, पण मोठ्या मॅनेजमेंट कॉलेजांत तेवढ्यावर भागत नाही. म्हणून एका रविवारी मी दहिवलीहून स्कूटरने कळंबला गेले. आत्याच्या शेताला लागून एका निवृत्त गृहस्थांचा बंगला आहे. अशा कॉलेजांच्या मुलाखती त्यांनी बरीच वर्षं घेतल्या होत्या.

त्यांनी दहावीपासूनचे माझे सगळे मार्क शांतपणे वाचले.

"यात वाईट काही नाही," ते म्हणाले, "पण लक्षात राहील असंही काही नाही. तुझ्यासारखे इंजिनिअर ढिगाने येतात. आज विचारशील तर अवघड आहे. तुझ्यामुळे कारखान्यात काय बदललं, ते सांग."

मी आठवून आठवून प्रेसचं सांगितलं. पत्रा दाबणाऱ्या त्या मशीनमध्ये हात आत राहिला, तर ते थांबवणारा सेन्सर होता. त्यामुळे मशीन सारखं अडतं, माल कमी निघतो, म्हणून आमच्या मॅनेजरांनी तो बंद करून ठेवला होता. मी एकदा त्यांना तोंडी सांगितलं होतं.

"लेखी दे. सेन्सर सुरू करून घे आणि मग निबंधात लिही. तुझी शक्यता दुप्पट होईल."

परत येताना मी खुशीत होते. त्या बंद सेन्सरचा मला आधार वाटू लागला होता, हे आज लिहायलाही नको वाटतं.

सोमवारी मेल लिहिला. 'मशीन आजच बंद ठेवावं.' मग आठवलं, कॉलेजसाठीचं शिफारसपत्र याच मॅनेजरांकडून हवं होतं. ते त्यांनीच ऑनलाइन भरायचं होतं आणि अजून भरलं नव्हतं. मी ते वाक्य पुसलं. 'सवडीने सेन्सर पाहून घेतला तर बरं होईल,' असं लिहिलं. वरच्या साहेबांना प्रत पाठवणार होते, तीही पाठवली नाही.

सेन्सर बंदच राहिला.

प्रेसवर खालापूरकडचे एक काका होते, जुने ऑपरेटर. त्यांच्या कानावर मेलचं गेलं होतं.

"बाय, तुमी लिवलंय म्हनं. कदी येनार मानूस?"

"येईल काका. कळवलंय मी."

"लवकर सांगा. परवा मोजा आत ऱ्हायला माजा. हात तेवडा निगाला."

त्यांनी खिशातून हातमोजा काढून दाखवला. पार चपटा झाला होता.

त्यानंतर मी प्रेसच्या बाजूने जाणं टाळू लागले. टेबलाशी बसले की प्रेसचे ठोके ऐकू यायचे. एक ठोका पडला की पुढचा पडेपर्यंत मी लिहायची थांबायचे. अखेर एका शुक्रवारी मॅनेजरांनी पत्र भरल्याचं सांगितलं. सोमवारी कडक मेल पाठवायचा, असं मी ठरवलं.

शनिवारी दुपारी ठोके थांबले. कुणी ओरडलं नाही. मी खुर्चीतून उठलेही नाही. मग कुणीतरी प्रथमोपचाराच्या पेटीकडे धावत गेलं.

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सेन्सर त्याच संध्याकाळी सुरू झाला. चौकशीत माझा मेल निघाला आणि मॅनेजरांची बदली झाली. "तू आधीच सांगितलं होतंस," असं जो तो मला म्हणत होता. मी निबंध लिहिला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "मेल आणि अपघात, मध्ये किती दिवस गेले?"

"एकोणीस."

"त्या दिवसांत तुम्ही काय केलंत?"

"पाठपुरावा केला," मी म्हणाले.

त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

माझं नाव यादीत आलं. जाण्याआधी मी काकांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला. काकांनी कप डाव्या हातात धरला होता, जपून.

"तुमी लिवलं तरी व्हतं," ते म्हणाले. "बाकीच्यांनी तेवडंबी नाय केलं."

ते पुसलेलं वाक्य आता सांगावं, असं वाटलं. काकू पुढ्यात बसून कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मी चहा संपवला, गाडीची वेळ झाली म्हणाले आणि उठले. काका मला सोडायला रस्त्यापर्यंत आले.