छपरीतले चार दिवस

पाळीतल्या बाईला बाजूला बसवायच्या रिवाजाचा मला मनापासून राग आहे. गोंदियात दवाखाना टाकला तेव्हापासून, बाईला स्वयंपाकघरातून उठवून घराबाहेरच्या छपरीत बसवणाऱ्या घरांशी मी भांडत आले आहे. गावोगावच्या सभांत तर जास्तच. सभेसाठी मी जुन्या साडीचं एक गर्भाशय शिवलं आहे, आत कापूस भरून. ते हातोहात फिरलं की बायका लाजत का होईना, बोलायला लागतात.

नवेगाव बांधजवळच्या एका गावात धानाची रोवणी आटोपल्यावर अशीच सभा होती. आशाताईने समाजमंदिरात बायका गोळा केल्या होत्या. चिखलात वाकून वाकून सगळ्यांच्या कमरा धरलेल्या. मी नेहमीचं सगळं सांगितलं आणि शेवटी बजावलं, की पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर अंगावर काढू नका, सरळ दवाखाना गाठा. सगळ्यांनी माना डोलावल्या. असा त्रास कुणाला आहे का, विचारलं. कुणालाच नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनाशी म्हणत मी सामान आवरायला घेतलं.

मग चहा आला. दाराबाहेर पायरीवर एक पांढऱ्या केसांची आजी बसली होती. तिने आपला पेला जमिनीवर पुढे सरकवला आणि आशाताईने तिला न शिवता वरूनच चहा ओतला. माझं डोकंच सणकलं.

"आजी, आत या. माझ्या सभेत कोणी बाहेर बसायचं नाही."

"नाही जमत, मॅडम. बाजूले बसली आहो मी."

मी पुन्हा तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. या वयात बाजूला?

बायका फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "बुढी जवान होऊन राहिली, मॅडम! कईची बंद झाली होती, आता पुन्हा चालू झाली."

म्हणजे माझं त्यांनी नीट ऐकलं होतं. पण मी बोलत होते ते रक्त जाण्याच्या दुखण्याबद्दल, आणि त्यांच्या लेखी आजीला तर पाळी आली होती. पाळी म्हणजे आजार नव्हे, हे त्यांना मीच घसा फोडून शिकवलेलं.

मी तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले. उद्या तपासायला या, म्हटलं.

"कायले? दुखत नाही, खुपत नाही."

"आजी, ही पाळी नाही. या वयात रक्त जातं तेव्हा आत काहीतरी वाईट असू शकतं. कॅन्सरसुद्धा."

तिने पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "तं तुमी हे बंद करान?"

"करावंच लागेल."

"मंग नाही येत मी."

मला वाटलं, घाबरली. पण ती घाबरलेली नव्हती. ती म्हणाली, "लगीन होऊन आली तवापासून धानाच्या बांधीत उतरून राहिली मी. घरी आलं का चूल, ढोरं. हेच चार दिवस कोनी काम सांगत नाही, आयतं ताट हाती येते. पाळी गेली तवा ते बी गेलं. आता देवानं वापस देलं, तं तुमी काढून घेता?"

मला रडूच आलं. जिवावर बेतलं होतं आणि या बाईला चार दिवसांचा आराम जिवापेक्षा मोठा वाटत होता. का वाटणार नाही? आयुष्यभरात दुसरा मिळालाच कुठे तिला?

"आजी," मी म्हटलं, "हे असंच चालू राहिलं तर चार काय, एकही दिवस राहायचा नाही. तुम्ही बऱ्या व्हा, तुमच्या आरामाचं मी बघते."

"पक्कं?"

"पक्कं."

दुसऱ्या दिवशी मुलगा आजीला मोटरसायकलवर घेऊन आला. तपासणीत कॅन्सरच निघाला, गर्भाशयाच्या अस्तराचा, पण पसरलेला नव्हता. नागपूरला ऑपरेशन करून गर्भाशय काढलं. सून दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होती. पुढे मुलगा आणि सून तिला तपासायला घेऊन आले तेव्हा आजीचा चेहरा चांगला तजेलदार झाला होता. रिपोर्टही चांगले होते. मी मुलाला गोळ्या समजावत होते, आणि आजी माझ्याकडे नुसती टक लावून बघत होती.

"मॅडम, तुमी बोलल्या होत्या."

ज्या रिवाजाच्या नावाने मी जन्मभर बोटं मोडली, त्याची आता मलाच वकिली करायची होती. आवाज शक्य तितका कडक करून मी मुलाला सांगितलं, "यांना दर महिन्याला चार दिवस पूर्ण आराम. कामाला हात लावू द्यायचा नाही. आणि छपरीत नाही, घरात, बाजेवर."

"कवापर्यंत, मॅडम?"

"जन्मभर."

आजी पदराआड हसली. सून मात्र जागची हलेना. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "मॅडम, तुमचं ऐकून मी तं बसनंच सोडलं. आता ते चार दिवस बी कामच करून राहिली. मंग माहा आराम?"

मुलगा गोळ्यांच्या पाकिटाशी चाळा करत उभा होता. मी त्याच्याकडे वळले.

"काय रे, भात रांधता येतो का तुला?"