उलटा रोबोट आणि एक घमेलं काँक्रीट

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी काँक्रीट पडणार होतं, आणि रविवारी दुपारी माझा रोबोट माझ्याच ड्रॉइंगवर बसायला तयार नव्हता.

रोबोट कागदाचा होता, एक वीतभर उंच. लग्नपत्रिका, जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे आणि मैद्याची खळ. सांध्यांच्या जागी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टिचबटणं, कारण टिचबटण जोडलं की धरूनही राहतं आणि फिरतंही. हा माझा शौक. लोक रविवारी पत्ते कुटायचे, मी भिलईच्या रुआबांधा वस्तीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये फरशीवर बसून कॅटलॉगांतली मशिनं पाहून त्यांची कागदी मॉडेलं कापायचो. कोणाला काही त्रास नव्हता. टिचबटणं संपायची तेवढा एक तंटा सोडून.

मी ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे इंजिनिअर डोक्यात आणतो ते कागदावर काढणारा माणूस. डोक्यात काही आलं नाही तरी काढावं लागतं. मोठ्या स्टील प्लांटच्या आसऱ्याने भिलईत जे लहानमोठे कारखाने उगवले, त्यांतल्या एकात नोकरी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या एम.डी. साहेबांनी जपानहून वेल्डिंग करणारा रोबोट मागवला होता. मशीन अजून जहाजावर होतं, पण त्याचा कॅटलॉग आणि ड्रॉइंग आले होते. कॅटलॉग पाहून मी घरी मॉडेल बनवलं. ड्रॉइंग पाहून ऑफिसात त्याच्या फाउंडेशनचं ड्रॉइंग बनवलं. पहिलं शौकाने, दुसरं पगारासाठी.

फाउंडेशन म्हणजे काँक्रीटचा ओटा. त्यात आठ बोल्ट उभे पुरून ठेवायचे आणि शेजारी केबलसाठी एक खड्डा सोडायचा. रोबोट वरून आणून ठेवला की त्याच्या बेसची आठ भोकं आठ बोल्टांत उतरली पाहिजेत. एकदा काँक्रीट घट्ट झालं की बोल्ट हलत नाहीत. मग पूर्ण ओटा फोडावा लागतो, आणि ज्याने ड्रॉइंग काढलं त्यालाही सगळे मिळून फोडतात. आमच्याकडे एका ड्राफ्ट्समनची चार इंचांची चूक झाली होती. तो तेव्हापासून स्टोअरमध्ये नट मोजत होता.

त्या रविवारी सहज म्हणून मी फाउंडेशनच्या ड्रॉइंगची प्रिंट फरशीवर पसरली आणि मॉडेल तिच्यावर ठेवलं. दोन्ही एकास दहा मापाची, तेव्हा नेमकं बसायला पाहिजे होतं. बसलं नाही. बेसची भोकं सारख्या अंतरावर नव्हती आणि केबलचं तोंड एका कोपऱ्याकडे सरकलेलं होतं. मी मॉडेल चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. बोल्ट जुळले की केबलचं तोंड खड्डा सोडून भलतीकडे यायचं, केबल खड्ड्याशी आली की बोल्ट चुकायचे. मी मॉडेललाच शिव्या दिल्या. बेस उखडून नवा कापला. तोही तसाच. ड्रॉइंग चुकलं असेल ही शंका मला आलीच नाही, कारण ते मी काढलं होतं.

बायको, सुमन, पलंगावर बसून कोणाच्या तरी ब्लाऊजला काजं करत होती. ती कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. बराच वेळ तिने माझी कुंथाकुंथी ऐकली.

"काय करून राहिले तुमी तासभरापासून?"

"बसून नाही राहिला हा."

"कशाले बसंल? तुमी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या."

"म्हणजे?"

"कापड पालथं ठिवून कापलं का असंच होते. कितीबी फिरवा, डावी बाही उजव्या हातात जात नाही. तो कागद उलटा करा."

मी प्रिंट पालथी केली. पातळ कागद, मागून रेघा दिसत होत्या. रोबोट त्यावर ठेवला. आठही भोकं, केबलचं तोंड, सगळं जिथल्या तिथे.

मी कागद पुन्हा सरळ केला, पुन्हा पालथा केला. दर वेळी तेच.

आता ही चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती मूर्खपणाने नाही, हुशारीने झाली. वस्तूचे वेगवेगळे चेहरे कागदावर मांडायच्या दोन रिती आहेत. एका रितीत समोरचा चेहरा काढायचा आणि वरून दिसणारा चेहरा त्याच्या खाली काढायचा. दुसऱ्या रितीत वरून दिसणारा वरच काढतात. ऐकायला दुसरी सरळ वाटते, पण आमची पहिली. भिलईचा प्लांट रशियनांच्या मदतीने उभा राहिलेला, आम्ही रशियन ड्रॉइंगांवर पोसलेलो. माझ्या उस्तादाचे उस्ताद रशियन. जपानी ड्रॉइंगमध्ये बेसचा चेहरा वर काढलेला होता. आमच्या रितीने वर काढलेला म्हणजे खालून पाहिलेला. दुसऱ्या एखाद्या गाढवाने तो जसाच्या तसा उतरवला असता आणि बरोबर ठरला असता. मी अनुभवी. मी तो उलटवून घेतला, आणि चारचौघांत सांगितलंही, की नवी पोरं इथेच फसतात.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कोणती रीत आहे याची खूण असते. दोन गोल आणि एक अर्धवट शंकू. आमच्याकडे आलेल्या झेरॉक्सवर तिथे शाईचा डाग होता. मी डागाचा अर्थ माझ्या सोयीने लावला.

सायकल काढली आणि मॉडेल ब्लाऊजच्या खोक्यात ठेवून गावंडेसाहेबांकडे निघालो. गावंडे आमच्या डिझाइन ऑफिसचे प्रमुख, मूळचे वर्ध्याकडचे. ऑफिसात हिंदी बोलायचे, राग आला की मराठी. महिन्याभरापूर्वीच त्यांनी मला टेबलाच्या खणात कागदी मनगट चिकटवताना पकडून दम दिला होता की पुन्हा ऑफिसात खेळणी दिसली तर याद राख. वाटेत दोनदा सायकल परत वळवावीशी वाटली. गप्प बसलो तर दोन महिन्यांनी कळेल, तोवर कदाचित जहाज बुडेल, असाही विचार आला. खोटं कशाला सांगू, जहाज बुडावं असंच वाटत होतं.

साहेब बनियनवर, कूलरसमोर झोपेतून उठलेले. मी खोकं उघडलं.

"बोरकर, रविवारच्या दिवशी तू मले बाहुली दाखवायले आला?"

मी सगळं सांगितलं. प्रिंट आणि मॉडेल ठेवून दाखवलं. आधी सरळ, मग पालथं. साहेबांनी तीन वेळा करायला लावलं. मग चष्मा लावून ड्रॉइंगचा कोपरा पाहिला.

"सही कोनाची हाये?"

"'ड्रॉन बाय'च्या खाली माझी. 'चेक्ड बाय'च्या खाली तुमची."

साहेबांनी चष्मा काढून बनियनला पुसला.

"चेक्ड म्हंजे पाह्यलं असं थोडीच असते," साहेब म्हणाले. मग आवाज उतरला. "कोनाकोनाले माहीत हाये हे?"

"मले, तुमाले आन् माह्या बायकोले."

"बायकोले कावून सांगितलं?"

"तिनंच मले सांगितलं, साहेब."

त्यांनी चहा मागवला. काँक्रीट दोन दिवस पुढे ढकला, एवढंच माझं म्हणणं होतं. पण खरी अडचण काँक्रीटची नव्हती, मुहूर्ताची होती. एम.डी. साहेब भोपाळहून खास येणार होते. पंडिताने नऊ वाजून दहा मिनिटांची वेळ काढून दिली होती. मुहूर्त टळला तर कारण सांगावं लागणार, आणि कारणाखाली दोन सह्या होत्या.

साहेबांनी बशीतला चहा फुंकत विचार केला. तो माणूस ड्रॉइंग वाचत नसे, पण उगाच प्रमुख झाला नव्हता.

"बोरकर, मुहूर्त काँक्रीटचा हाये ना? किती काँक्रीटचा, हे काही पंचांगात लिहेल नाही."

सोमवारी आठ वाजता आम्ही खड्ड्यापाशी. साइटचा सुपरवायझर देवांगन बोल्ट बांधून, लिंबू-मिरची लावून तयार होता. आठही बोल्ट एका भोकं पाडलेल्या पत्र्यातून लटकवलेले, म्हणजे काँक्रीट पडताना जागा सोडणार नाहीत. ते उलटे आहेत हे त्याला पटेना.

"साहब, ड्रॉइंग में जइसा है वइसाच बाँधे हैं."

"ड्रॉइंगच गलत है," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदा म्हणालो.

त्याला कागदी रोबोट पत्र्याशेजारी ठेवून दाखवला. देवांगन उकिडवा बसला, टिचबटणाचा खांदा फिरवून पाहिला, मग पत्र्याकडे पाहिलं. "अच्छा. तो पत्रा पलटा देंगे, बस." सुमनला एक वाक्य लागलं होतं, त्यालाही एकच लागलं. ड्राफ्ट्समनला एक अख्खी दुपार लागली होती.

तेवढ्यात गाडी आली. नारळ फुटला. एम.डी. साहेबांच्या हातात घमेलं दिलं आणि गावंडेसाहेबांनी त्यांना हळूच बोल्टांपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्याशी नेलं. एक घमेलं काँक्रीट पडलं. टाळ्या. मिक्सर बंद.

"बस? इतना ही?" एम.डी. म्हणाले.

"सर, पहला घमेला सेट होने देते हैं. फाउंडेशन मजबूत बनता है."

यावर कोणताही सिव्हिल इंजिनिअर हसून आडवा झाला असता. एम.डी. मूळचे कापडाच्या व्यापारातले. त्यांनी मान डोलावली. मी श्वास सोडला, आणि सोडायला नको होता, कारण त्यांचं लक्ष खाली गेलं.

"ये क्या है?"

कागदी रोबोट पत्र्याला टेकून उभा होता, एक हात वर करून. गावंडेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सर, सिस्टम है हमारा. हर फाउंडेशन के पहले डिझाइन ऑफिस मॉडेल बनाके चेक करता है."

"व्हेरी गुड. किसने बनाया?"

"बोरकर ने. मेरे गायडन्स में."

एम.डी. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चूक ज्याच्या हातून झाली त्याच्याच पाठीवर. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

देवांगनने त्याच दिवशी पत्रा पालथा घातला, केबलचा खड्डा दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला, आणि गुरुवारी उरलेलं काँक्रीट पडलं. दोन महिन्यांनी रोबोट आला. क्रेनने खाली सोडला तेव्हा मी दुसऱ्या टोकाला, एका खांबाआड उभा होतो. आठही बोल्ट हातोडी न लागता भोकांतून वर आले. जपानी इंजिनिअर खाली वाकून काहीतरी म्हणाला. दुभाष्याने सांगितलं, ते म्हणतात फार नीट काम आहे. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खांब होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

सर्क्युलर त्याआधीच निघालं होतं. यापुढे प्रत्येक फाउंडेशनचं कागदी मॉडेल डिझाइन ऑफिस सादर करील. पंपाचं, पंख्याचं, एकदा तर पाण्याच्या टाकीचं, म्हणजे नुसत्या डब्याचं. सगळी मीच बनवायची. मॉडेलच्या बुडाशी 'प्रिपेअर्ड बाय' आणि 'चेक्ड बाय'. गावंडेसाहेब मॉडेल उलटं करून सही करायचे आणि वरून कसं दिसतं ते न पाहताच परत द्यायचे.

घरी कात्री हातात घेणं आपोआप सुटलं. एका रविवारी सुमनने विचारलं, "आज काही बनवत नाही का?" मी म्हणालो, "आज सुटी हाये."

एवढ्या वर्षांच्या नोकरीतून मी एकच शहाणपण घेऊन बाहेर पडलो. आपली चूक सापडली तर साहेबांना जरूर सांगावी. कशी सापडली, ते मात्र सांगू नये.