कानातला कापूस

मेलेला माणूस खोटं बोलत नाही. त्याला आता कुणाची भीती उरलेली नसते. दुपारी जेवून कॉटवर आडवे होताना तोफखान्यातले निवृत्त नायक हणमंत फडतरे असा विचार करतात, आणि डोळा लागतो न लागतो तोच पायथ्याशी केरबा निगडे उभा दिसतो. केरबाला जिवंतपणीही कुणाची भीती नव्हती. तो स्टोअरचा हवालदार होता.

वारून सहा वर्षं झाली, तरी बुटांना पॉलिश आहे.

"कसा आहेस, हणम्या?" तो डाव्या अंगाला येऊन कुजबुजतो.

हणमंत मान वळवत नाहीत. त्यांचा डावा कान गेलाय आणि सोमवारी अपंगत्व पेन्शनच्या अपिलाची सुनावणी आहे. मेडिकल बोर्डाचे डॉक्टर असेच मागून कुजबुजतात आणि मान जरा वळली की 'ऐकू येतं' असं लिहून मोकळे होतात. केरबाला कुणी धाडलंय, कुणास ठाऊक.

"सोंग करतोस होय?"

"कुणाकडून आलायस?"

"बघ, ऐकलंस."

कॉट आता स्टोअरमध्ये आहे. ताडपत्रीचा वास येतोय. केरबा रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवतो: कानात घालण्याचा कापूस, नायक फडतरे, मिळाला. खाली सही. याच ओळीवर अर्ज फेटाळला गेला होता. कान भरतीआधीच थोडा अधू होता, तोफेपाशी कापूस दिला होता, यानं घातला नाही. सबब दुखणं नोकरीमुळे वाढलेलं नाही.

"ही सही माझी नाही."

"माझी आहे. तुझ्यापेक्षा वळणदार येते."

"मग कापूस गेला कुठं?"

"उशीत. स्टोअरच्या फरशीवर निजून बघ एकदा. मान धरते."

"अकरा वर्षं तोफेशेजारी उभा होतो मी, केरबा."

"म्हणून तर आलोय."

स्टोअरच्या भिंतीला बोर्डाचा वजनकाटा टेकलाय. समोर तीन खुर्च्या, तिन्ही रिकाम्या.

"मग हे इथं सांग, सोमवारी."

"माझा जबाब कोण घेणार? हयातीचा दाखला कुठनं आणू?" केरबा खिशातून मूठभर कापूस काढून त्यांच्या हातात कोंबतो. "हा घे तुझा. आता पोच दे."

"कसली पोच?"

"मिळाला म्हणून. इथं सही कर."

हणमंत मूठ आवळतात, पण पेन घेत नाहीत. "सही केली की कापूस मिळाला होता, असं होईल."

"मिळालाच की आत्ता."

"तारीख कुठली घालणारेस?"

केरबा पहिल्यांदाच नजर चुकवतो. तेवढ्यात मागं तोफ सुटते. आवाज फक्त उजव्या कानात येतो.

डोळे उघडतात तेव्हा डाव्या बाजूला त्यांच्या पत्नी सुनंदाबाई कपबशी घेऊन उभ्या आहेत. "कधीची हाका मारतेय. चहा निवला."

"इकडूनच मारत होतीस?"

"मग काय माळ्यावरून?"

हणमंतांना फार बरं वाटतं. मग ते डावी मूठ उघडतात. आत कापूस आहे.

"हा कागदात बांधून ठेव," ते हळूच म्हणतात. "सोमवारी न्यायचाय."

सुनंदाबाई कापसाकडे बघतात आणि त्यांच्या डोक्याखालची उशी ओढून उलटी करतात. बोटभर शिवण उसवलेली आहे.