धुराड्याकडची भिंत

काकतीजवळच्या आमच्या शेतात एका इंग्रजानं बांधलेलं घर होतं. तो मायदेशी परतला तेव्हा आजोबांनी ते शेतासकट विकत घेतलं. जांभ्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, वर मंगळूरी कौलं आणि बैठकीत शेकोटीची जागा. तिचं धुराडं थेट कौलांबाहेर गेलेलं. खिडक्यांचे कट्टे इतके खोल, की मी त्यांत पाय पसरून अभ्यास करायचो. बाहेर आठवडाभर पाऊस लागला तरी त्या खोलीत कोरडी ऊब असायची. तशी ऊब मला पुढं कुठल्याच घरात मिळाली नाही.

मी डिप्लोमा करून आलो, तेव्हा धुराड्याकडच्या भिंतीचा गिलावा सुटायला लागला होता. अनगोळचे एक म्हातारे गवंडी दर उन्हाळ्यात येऊन त्या भिंतींना चुन्याचा हात देऊन जात. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. यंदा सिमेंट लावू, असं मी त्यांना सांगितलं.

"नगं रं," आप्पा म्हणाले. "चुना पावसात पानी घेतोय, उनात सोडतोय. सिमेंटात ते कोंडून ऱ्हातंय. भिंत आतनं कुजंल."

"आप्पा, कॉलेजात तुम्ही गेलता का मी?"

"व्हय की, तू इंजिनेर! आमी आपलं चिखलातलं." हसत त्यांनी थापी उचलली आणि माझ्या हट्टापायी सिमेंट लावलं.

चौथ्या पावसाळ्यात भिंत फुगली आणि धुराड्यासकट बसली. वडिलांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आप्पांनी काम कच्चं केलं." ते गावभर झालं. काकतीत आप्पांना पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही. वडिलांनी उरलेलं घर पाडून स्लॅबचं बांधलं.

नातवंडांना मी त्या घराबद्दल सांगतो, पण भिंतीपाशी आलो की विषय बदलतो. त्या उबेची आठवण काढायचाही मला हक्क नाही असं वाटतं.

यंदा अनगोळला आप्पांच्या मुलीकडं गेलो. आक्का आता सत्तरीच्या. त्यांना सगळं सांगितलं.

"आमास्नी ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "बानं घरात सांगितलंतं. मला सांगून काय उपेग, अण्णा? ज्या गावात बोललासा, त्या गावात सांगा."

म्हणून हे लिहिलं. भिंत आप्पांमुळं नाही, माझ्यामुळं पडली. येत्या रविवारी काकतीच्या देवळात, चार माणसं जमतील तेव्हा, हे वाचून दाखवणार आहे. आक्कांना तसं कळवलं.

"मला बी घिऊन जावा," त्या म्हणाल्या. "बाचं नाव निघंल तवा मी तितं पायजे."