भाकरी न बांधता गेलेली बाई

ती सकाळ अजून माझ्या डोक्यातनं जात न्हाई. नोकरीत लय केसी बघितल्या. मारामाऱ्या, चोऱ्या, जळलेल्या सुना. त्यातल्या कैक आता एकमेकीत मिसळून गेल्यात. ही येक मात्र हाय तशी हाय. हिच्यात खून न्हाई, दरोडा न्हाई. येक बाई भाकरी न बांधता घरातनं गेली, येवढंच.

माझं शिक्षाण सातवी. मालक पोलिसात शिपाई हुते, ड्यूटीवरच गेले. त्यांच्या जागी मला घेतलं. थोरला पाच वर्साचा, धाकटी अंगावर पीत हुती. परेडला उभी राहिले की दुधानं खाकी वली व्हायची. तशीच उभी राहायची. रडायला सवड न्हवती, म्हणून रडले न्हाई. हवालदार हुन रिटायर झाले. ही केस रिटायर व्हायच्या आदल्या साली, रहिमतपूरच्या बाजूच्या येका ठाण्यातली. नावं कुणाचीच सांगत न्हाई. माणसं जित्ती हायेत.

सकाळची हजेरी नुकतीच झालती. ठाणे अंमलदार डायरी उघडून बसलेला. तेवढ्यात येक गडी आत आला, चाळिशीतला, पायात येकच चप्पल.

"आमची आय गेली," म्हणला.

"कुठं गेली?"

"तेच ठावं न्हाई. फलटणला लग्न हुतं, मी आन बायकू दोन दिस तिकडं. आज फाटं आलो तर दाराला कुलूप. चावी तुळशीत."

मिसिंग दाखल करून घेतली. वय सदुसष्ट, रंग सावळा, उंची अंदाजे, कपाळाला गोंदाण. साहेब आमचे तरणे हुते, माणूस चांगला, पर घाईचा. त्यांनी इचारलं, "घरातून काय काय नेलंय?"

गड्यानं मान खाली घातली. "नेल्यालं सांगू का ठिवल्यालं? गळ्यातलं काढून तांदळाच्या डब्यात ठिवलंय. कानातलंबी. फोन बंद लागतोय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"आन साहेब," गडी म्हणला, "तिनं भाकरी न्हाई नेली."

"म्हणजे?"

"आवं, आमची आय कोरेगावला दवाखान्यात गेली तरी फडक्यात भाकरी-चटणी बांधती. दोन घंट्याचं काम आसलं तरी. पिठाच्या डब्याला हात लागल्याला न्हाई, फडकं दांडीवर हाय तसं हाय. भाकरी न बांधता ती उंबऱ्याभायेर पडायची न्हाई. पडली, म्हंजे…"

मला सांगावं लागलं न्हाई. आमच्याकडची बाई दागिना काढून ठिवती, भाकरी घेत न्हाई, तवा ती कुठं निघाल्याली असती हे आमाला म्हाईत हाय. असल्या दोन बायका मी स्वता विहिरीतनं भायेर काढल्यात. साहेब म्हणले, "चार पोरं घ्या. गावातल्या विहिरी बघा. बाई, तुम्ही घराचा पंचनामा करा."

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. पंचनाम्यात हात फिरवताना माणूस कळतंय. तिची ट्रंक उघडली. सुती लुगडी घडीला घडी लावून तिथंच. पर नायलानची दोन पातळं न्हवती. सून म्हणली, "ती लवकर वाळत्यात म्हणून पावसाळ्यात नेसत्या." स्वेटर न्हवता. कोनाड्यातली आवळासुपारीची डबी न्हवती. दोरीबी दोन हात कापून नेल्याली, कापडं वाळत घालायची. दोरी म्हणल्यावर सून मटकन खाली बसली. म्या म्हणलं, "बाय, दोन हात दोरीनं काय हुत न्हाई. उठ, च्या ठेव."

भायेर आले तर कोपऱ्यावर भुसार दुकान. शेठ गादीवर बसल्याला, सांगलीकडचा जैन माणूस, लय वर्सं हितंच. मला बघून म्हणला, "बाई, म्हातारीची पिशवी सातातच राहिली ना शेवटी?"

"कसली पिशवी?"

"अहो, तीनदा आली काट्यावर पिशवी घेऊन. पहिल्यांदा साडेअकरा किलो भरली. मी म्हटलं, काय दगड भरलेत का? गेली, परत आली, नऊ. बुधवारी आली तेव्हा पावणेसात. एवढी खूश झाली, मला फुटाणे दिले. माझ्याच दुकानातले, माझ्याच हातावर!" आन हसाया लागला.

मी तिथंच उभी. जीव द्यायला चाललेली बाई पिशवी तोलून नेत न्हाई. जिला वजन कमी करायचं असतंय, तिला ती पिशवी पुना उचलायची असती.

शेजारीण तिच्याच वयाची. तिच्या दारात शेवया वाळत घातलेल्या. दोघी मिळून शेवया, कुरडया करून इकायच्या. चौकशी कराया आले म्हणल्यावर पाटावरनं मान वर केली न्हाई.

"मला काय ठावं न्हाई," म्हणली.

"म्या अजून इचारलंच न्हाई."

खुर्चीवर बसून दरडावलं की असली बाई आणिक घट्ट हुती. मी बूट काढले, खाली बसले, हातात पीठ घेतलं. माझी शेवय बोटायेवढी जाड. ती सोसंना तिला. "आवं, ते गांडूळ करताय का शेवय? द्या हिकडं!"

"तुमी बोला, मग देते."

"आण घातलीया तिनं मला. सांच्यापातूर सांगायचं न्हाई."

"मावशे, तिचा ल्योक आन चार पोलीस विहिरीत गळ टाकत हिंडत्यात."

तिच्या हातातली शेवय तुटली. "आगं बया! विहिरीत कशाला? ती बोटीवर गेलीया!"

नेमका तवाच म्हातारीचा ल्योक दारात येऊन उभा राहिल्याला. बोटीवर म्हणल्यावर त्यानं भिताडाला हात टेकला. "बोटीवर? बामणोलीला?" आन साहेबांकडं पळत सुटला.

त्याचं कारण मागनं कळलं. म्हातारीचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलंय. लहान हुती, पाच-सा वर्साची, तवा गाव उठलं. म्होरं आय-बाप जित्ते हुते तवर लाँचनं पल्याड पाव्हण्यांकडं जायचे. मधी आलं की आय खाली बोट दावायची, "हितं आपली चूल." आमच्या जिल्ह्यात बोट म्हणलं की तीच, बामणोलीवरनं सुटणारी धरणातली लाँच. साहेबांनाबी तेच वाटलं, त्याला गाडीत घेतलं. लगी बामणोलीकडं वळवली. घाट वलांडून जायचं, फोनला रेंज न्हाई.

मी गेले न्हाई. माझ्या डोक्यात ती भाकरी बसल्याली. बामणोलीला जाणारी बाई तर भाकरी नक्की नेणार. मग असं ठिकाण कुठलं, जिथं भाकरी लागत न्हाई?

"मावशे," म्या म्हणलं, "तिथं जेवण त्येंचंच हाय व्हय?"

शेजारीण टकमक बघाया लागली. मग सगळं ओतलं तिनं. शेजारणीची लेक पुण्याला नर्स. तिनं फोनवर मोठी बोट दावली, क्रूज म्हणत्यात, ममईवरनं निघती, तीन दिस समुद्रात हिंडून माघारी येती. म्हातारीनं तवाच धरलं, जायचं. शेवयांचं पैसं पोस्टात टाकत गेली, चार वर्सं. सणाच्या सुट्टीत भाडं डबल असतंय म्हणून सुट्ट्या सरायची वाट बघितली. खोली घेतली ती बिनखिडकीची, सगळ्यात स्वस्त, त्यातबी नर्स पोरीबरूबर दोघीत येक.

"म्या म्हणलं, आगं खिडकी तरी घे. तर म्हणली, खिडकीचं पैसं कशाला देऊ? मी काय खोलीत बसाया चालले व्हय? वर जाऊन उभी राहीन, वरचं फुकाट हाय."

पिशवी स्वताला उचलंल येवढीच न्यायची, सात किलोच्या आत, पोरीनं बजावल्यालं. सोनं अंगावर नको. भायेरचं खाणं बोटीवर घेऊ देत न्हाईत. म्हणून दागिना डब्यात, म्हणून भाकरी न्हाई. आमाला जे मरणाचं वाटलं, ते सगळं तिनं नीट इचार करून केल्यालं.

"आन पोराला का न्हाई सांगितलं?"

"दर साली पोरगं म्हणतंय, म्होरल्या साली नेतो. तिला भ्या वाटलं, सांगितलं तर पुना म्होरलं साल यील. बोट सुटली की पोराला सांग, म्हणली, मग उतरवाया येत न्हाई कुणाला. ह्यो येक दिस आदीच आला फलटणनं."

बोट सांच्याला सुटणार हुती. म्या मेढ्याच्या ठाण्याला वायरलेस दिला, आमची गाडी तिथं आडवली. घंट्याभरात साहेबांचा फोन. मागं ल्योक वरडत हुता, "साहेब, तिला उतरवा! तिला बीपी हाय! येकटी बाई पाण्यात…"

साहेब म्हणले, "बाई, त्या नर्सचा नंबर घ्या, बोला. म्हातारी घाबरलेली वाटली, कुणाच्या दबावाखाली वाटली, तर मी तिथल्या ठाण्याला कळवतो. थांबवतील."

म्हंजे माझ्या येका शब्दावर हुतं. "वाटतीया," येवढं म्हणलं असतं तर चार वर्साच्या शेवया पाण्यात.

फोन लावला. पोरीनं म्हातारीच्या हातात दिला. मागं लय गलका.

"पोलीस ठाण्यातनं बोलते. तुमी कुठं हाय?"

"रांगंत हाय, बाई. म्होरं धा माणसं ऱ्हायली."

"कुणी बळं नेलंय का?"

"मला? मला कोण बळं नेतंय? बैल बरा, त्याला कासरा तरी हाय." मग आवाज बारीक केला. "पोरानं पाठवलंय व्हय तुमाला? बाई, मला माघारी बलवू नगा."

"घरच्यास्नी वाटलं तुमी जीव दिला. कशापायी जाताय येवढं?"

रांग सरकल्याली ऐकू आली. मग म्हणली, "जलमभर येकच पाणी बघितलं. खाली वाकलं की आमचं घर. मला असलं पाणी बघायचंय, ज्याच्याखाली माझं काय न्हाई."

म्या कागदावर लिवलं: बाई सज्ञान, स्वखुशीनं प्रवासाला, कसलाबी दबाव न्हाई. आन साहेबांच्या फोनला तिचा फोन जोडून दिला.

ल्योकाला वाटलं हुतं, लय बोलीन. आयचा आवाज आला आन त्याचं सगळं गेलं. नुसतं म्हणला, "आये, भाकरी तरी न्यायची."

"घेऊ देत न्हाईत रं तिथं. तू जेवलास का?"

"न्हाई."

"मग जेव. डब्यात तांदूळ हायेत, आदी दागिना काढ त्यातला. तसंच शिजवशील."

त्या गाडीतलं चार पोलीस हसले म्हणं. ल्योक रडत हुता का हसत हुता, साहेबांना कळलं न्हाई.

चौथ्या दिशी ती स्वता ठाण्यात आली, मिसिंग बंद कराया. समोर बसवून जबाब घेतला. त्याच नायलानच्या पातळात हुती. कुठं गेल्ता, कुणाबरूबर, सगळं लिवून झालं. अंगठा दिला. मग म्याच इचारलं, जबाबात नसल्यालं.

"कसा हाय समुद्र?"

"तुमी बघितला न्हाई? पोलीस हाय की तुमी. कुठं कुठं जात असाल."

जात हुतो खरं. सभा, जत्रा, उरूस, पुढाऱ्यांची लग्नं. पर बंदोबस्तात पोलिसानं गर्दीकडं तोंड करून उभं राहायचं असतंय. जे बघाया गर्दी जमती, ते आमच्या पाठीमागं. येकदा कोकणात दोन दिस ड्यूटी लागली, पार वाळूवर. समुद्र मागं. दोन दिस नुसता आवाज ऐकला. तिसऱ्या दिशी गाडीत घालून माघारी आणलं. हे म्या तिला सांगितलं. कुणाला सांगितलं न्हवतं.

ती हसली न्हाई. म्हणली, "तीन दिस मी वर उभी हुते. पोरगी म्हणायची, मावशे, कट्टाळा कसा येत न्हाई? म्या म्हणलं, खाली वाकून बघतीया, काय बी दिसत न्हाई. लय ग्वाड वाटलं." जाताना दारात थांबली. "बाई, येकदा गर्दीकडं पाठ करून उभ्या ऱ्हावा."

साहेबांनी त्या केसवरनं शिकायचं ते शिकलं असंल. मी येवढंच शिकले. माणूस काय टाकून गेलं, ते आपून लगी मोजतो. ते कुठं निघालंय, हे त्याला इचारत न्हाई. आन म्हातारी बाई भायेर पडली की आपल्याला दोनच जागा सुचत्यात, दवाखाना न्हाईतर विहीर.

ती दोन वर्सामागं गेली, घरात, झोपंत. मी रिटायर झाले. पोरं कामाला लागली, आपापल्या गावाला. थोरला दर साली म्हणतोय, आये, म्होरल्या साली नेतो.

गेल्या आठवड्यात मी त्या गावात गेल्ते. कोपऱ्यावर शेठ बसल्याला, थकलाय आता, वळखायला येळ लागला. माझ्या हातात पिशवी हुती. ती काट्यावर ठिवली.

शेठनं काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आठ, बाई," म्हणला.

पिशवीतला स्वेटर काढला आन परत ठिवली.